सुईतले शेंगतेल

९ जानेवारी १९७८, सोमवार

"ढिलं सोडा. दगड केलाय नुसता," बाळासो म्हणाला आणि त्याने माझ्या कमरेखाली चापट मारली. मी ढिले सोडले. सुई आत गेली. औषध मात्र जाईना. पटकीची लस क्षणात संपते. हे संपत नव्हते.

"दाट हाय," तो म्हणाला. "तेलातलं आसतंय. गडबड करून चालत न्हाय."

दवाखान्यात दुसरे कोणी नव्हते. डॉक्टर दुपारी घरी जेवायला जातात आणि बाळासो कंपाउंडर एकटा असतो, म्हणून ही वेळ. मी रिकामी कुपी मागून घेतली. जकात नाक्यावर अठरा वर्षे काढल्यावर माणूस माल बघितल्याशिवाय सोडत नाही. बारीक इंग्रजी होते. तीन आठवड्यांतून एक, असे लिहिले होते.

बाळासो सांगतो ते असे. पुरुषाच्या अंगात एक द्रव्य आपोआप तयार होते. त्यानेच दाढी येते, आवाज फुटतो, ताकद येते. चाळिशीनंतर ते आटत जाते. ते बाहेरून भरता येते. मी बेचाळीस पुरे केले आहेत.

मी म्हणालो, "आठवड्याला एक घेणार."

"हितं तीन आठवडं लिवलंय."

"शंभर जोरांनी भागत नसलं तर तालमीत दोनशे मारत्यात. तीन आठवडं थांबत न्हाईत."

"मला काय. अंग तुमचं," तो म्हणाला. मग कापूस दाबून धरत, "घरात बी फायदा हुईल. लेकरू बिकरू."

मी लेंग्याची नाडी बांधली. आम्हाला मूल नाही. त्याबद्दल या वहीत लिहिणार नाही.

१२ जानेवारी, गुरुवार

तालमीत बैठक झाली. फुटबॉलच्या संघाचे सगळे गणपतराव बघतात. वय सत्तर, पण हाताला धरले तर सुटत नाही.

"औंदा पोरं लई झाल्याती," ते म्हणाले. "यादीत म्हाताऱ्यांस्नी एकच जागा."

"म्हातारं कोण?" फकरूने विचारले.

"घरात आरसा न्हाय व्हय तुझ्या?"

पोरे हसली. फकरूही हसला. मी हसलो नाही. म्हातारे म्हणजे तो आणि मी. वीस वर्षे मी राइट बॅक आणि फक्रुद्दीन लेफ्ट बॅक. तो माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. चामड्याचे फुटबॉल शिवतो, बूट दुरुस्त करतो. पेठेत कुणाच्याही बुटाच्या तळाला चामड्याचे खुंट फकरूच ठोकतो. आम्ही दोघे मागे उभे असलो की गोलकीपरला जांभई येते, असे एके काळी लोक म्हणत.

पाच मार्चला संध्याकाळी यादी ठरणार आणि सहा तारखेला सकाळी फळ्यावर लागणार. दोघांपैकी एक नाव असेल.

उठताना गणपतराव म्हणाले, "आनी एक. गेल्या साली एक चांगला पैलवान सुया टोचून टोचून पिवळा पडला. माझ्या तालमीत तसलं काय कळलं तर नाव कापीन. मग तो माझ्या पोटचा का आसंना."

मी फकरूकडे पाहिले. तो बुटाची नाडी ओवत होता. त्याने मान वर केली नाही.

१६ जानेवारी, सोमवार

दुसरी सुई. काही फरक नाही. बसताना दुखते तेवढेच.

२० जानेवारी, शुक्रवार

पहाटे फकरूबरोबर रंकाळ्याला दोन फेऱ्या. दुसऱ्या फेरीत मी बोलायचे बंद केले. तो बोलत होता. कुठल्या तरी शाळेने बॉल शिवायला दिला होता आणि आत ब्लॅडरऐवजी फडकी कोंबलेली निघाली, ही गोष्ट त्याने पळता पळता पूर्ण सांगितली. शेवटी स्वतःच हसला. हसायलाही त्याच्याकडे दम उरला होता.

चव्वेचाळीस वर्षांचा माणूस. घरात सात माणसे. दिवसभर वाकून चामड्यातून दाभण काढायचे. हा दम कुठून येतो?

संध्याकाळी गंगावेशीला दूधकट्ट्यावर गेलो. म्हशी उभ्या होत्या. धार काढून तसाच पेला हातात देतात. आम्ही नेहमी दोन-दोन पेले पितो. आज त्याने एकच घेतला. म्हणजे खुराक दुसरीकडून चालू आहे.

मी विचारले, "तू काय घेतुयास रं हल्ली?"

"कशाचं?"

"ताकदीचं."

"काय न्हाय गड्या." मिशीवरचा फेस पुसून थोड्या वेळाने म्हणाला, "तू दुपारी जरा पडत जा की."

न विचारता सल्ला देणारा माणूस काहीतरी झाकत असतो. नाक्यावर जो ड्रायव्हर पुढच्या पोत्यांबद्दल आपण होऊन सांगू लागतो, त्याची मागची पोती मी आधी उघडतो.

मी एकोणीस वर्षांचा असल्यापासून तालमीत एक रीत आहे. जोडीदाराला सोडून खुराक खायचा नाही. बदाम दोन असले तरी एकेक. ती त्याने मोडली असावी. मी मोडली आहे हे मला माहीत आहे. पण माझी सुरुवात त्याच्या नंतरची.

२९ जानेवारी, रविवार

आपापसांत सामना झाला. आज पहिल्यांदा वेगळे वाटले. अंगात गरमी होती. नवा सेंटर फॉरवर्ड दोनदा माझ्यावर आपटून पडला आणि मी हललो नाही. एक हेड मारली ती मधल्या रेषेपलीकडे गेली. गणपतराव बाजूला बसले होते. म्हणाले, "आकाराम, शिवरात्रीआधीच भांग प्यालास काय?" हे कौतुक होते की टोमणा, ते कळले नाही.

तीन सुया झाल्या आहेत. कुपीत काहीतरी असावे.

परीट सदरे आटवून आणतो. दोन सदऱ्यांची गळपट्टी लागत नाही. त्याला बोललो. तो म्हणतो, कापड तेच, मान वाढली. परटाचे हे नेहमीचे आहे.

अंगठीही निघत नाही. बायकोला, बायडाला विचारले, भाजीत मीठ किती घालतेस? म्हणाली, आईनं शिकवलं तेवढंच. तिची आई कोडोलीची. तिकडे मीठ जास्त खातात.

१ फेब्रुवारी, बुधवार

बाळासोकडून एक भरलेली कुपी मागून आणली आणि नाक्यावर फोडली. दुपारी वर्दळ नसते. एक थेंब पावतीच्या कागदावर टाकला. डाग पसरला आणि वाळला नाही. उजेडासमोर कागद धरला. पलीकडची खिडकी दिसली. बोटावर घेऊन वास घेतला. मग जिभेला लावले.

शेंगतेल.

या नाक्यावरून रोज तेलाचे डबे जातात. करडई, सरकी, शेंग, हे मी झाकण न काढता सांगतो. सरकी मिसळलेले शेंगतेलही सांगतो. हे शुद्ध शेंगतेल होते.

२ फेब्रुवारी, गुरुवार

बाळासोला धरले. "शेंगतेल टोचतुयास व्हय रं मला?"

"आवं, शेंगतेलातच आसतंय ते. कुपीवर लिवलंय बगा. तेल नुस्तं वाहनाला आसतंय, गाडीवानी. औषध आत बसल्यालं."

"किती?"

"हे एवढं." त्याने करंगळीचे नख दाखवले. तेही निम्मे.

"दिसतं का?"

"कसं दिसंल? मिठाचं पाणी दिसतंय व्हय?"

मीठ चवीला लागते, हे मी त्याला सांगितले. तो वैतागला. "मग घिऊ नगा. मी काय घरला बोलवाय आलतो तुमास्नी?"

खोटे बोलणारा माणूस गिऱ्हाईक घालवत नाही. पण पोहोचलेला खोटारडा घालवतो. ठरवता येत नाही. सुई चालू ठेवायची असे तूर्त ठरवले.

६ फेब्रुवारी, सोमवार

पाचवी सुई.

बायडाने संध्याकाळी पाठ चोळताना हात थांबवला. "हे काय आलंय?" पाठीवर, खांद्यांवर पुटकुळ्या आहेत म्हणे. पोरांना येतात तशा. मग तिने कमरेखालचे डाग पाहिले. कांबळ्यावर हात पुसत राहिली.

"आवं, काय टोचून घेताय?"

"ताकदीचं हाय. बी-कॉम्प्लेक्स."

"डाक्टरनं दिलंय?"

"दवाखान्यातलंच हाय."

यात खोटे काही नाही. दवाखान्यातलेच आहे.

"तुमी रातचं दात खाताय," ती म्हणाली. "आनी दोन दिसांमागं ताटली फेकलासा. वीस वरसांत कधी फेकली न्हवती."

ताटलीत भाकरी करपलेली होती. ती हे सांगत नाही.

१० फेब्रुवारी, शुक्रवार

नाक्यावर आज भांडण. शाहूवाडीकडचा भाताचा ट्रक. ड्रायव्हर म्हणाला, "पावणं, भातच हाय, किती खुपसताय?" पोत्यात सळई घालून बघणे माझे काम आहे. एका पोत्याला एकदा घालतात. मी त्याच्या म्हणण्याप्रमाणे सात वेळा घातली. भात रस्त्यावर सांडला. तो ओरडला, मी त्याची गचांडी धरली. हात आपोआप गेला. सोडवायला दोघे आले, तरी सुटेना.

साहेबांनी बोलावून विचारले, "माजगावकर, घरी सगळे ठीक आहे ना?"

घरचे यांना कोणी सांगितले?

पोत्यात भातच निघाला. याचा अर्थ फक्त एवढाच की, मी ज्या ठिकाणी सळई घातली तिथे भात होता.

१४ फेब्रुवारी, मंगळवार

दुपारी काही कारण नसताना घरी गेलो. घराला कडी. येताना फकरूच्या दुकानावरून आलो. बायडा तिथे पायरीवर बसली होती. हातात चप्पल. फकरू मान खाली घालून ऐकत होता. मला बघून दोघे गप्प झाले.

"अंगठा तुटला," ती म्हणाली.

घरी आल्यावर मी चप्पल पाहिली. अंगठ्याला नवे टाके होते. पण जुने टाकेही शाबूत होते. न तुटलेल्या अंगठ्याला टाके घातले होते.

दोघांचे काय शिजते आहे? तसले काही नाही, तेवढे मला कळते. फकरू तिला वैनी म्हणतो आणि तिच्याकडे नीट बघतही नाही. पण माझ्याबद्दल बोलत होते. यादीबद्दल असेल. मी माघार घ्यावी म्हणून तिच्याकडून सांगवायचे असेल.

१५ फेब्रुवारी, बुधवार

रंकाळ्यावर फकरूने विचारले, "तुझं काय दुखतंय काय, आकाराम?"

"न्हाय."

"दुखत आसलं तर मोठ्या डाक्टरला दाखवाय येऊ मी संगं."

"तुला कोण काय म्हणलं?"

"कोण न्हाय. तोंड लाल दिसतंय तुझं."

मी वेग वाढवला. तो माझ्याबरोबर आला. तिसरी फेरी घेतली. तरी आला. तिसऱ्या फेरीत मला दम लागला नाही. त्यालाही लागला नाही. माझे कारण मला माहीत आहे.

त्याचे कारण शोधले पाहिजे. सोमवारी आणि गुरुवारी दुपारी त्याचे दुकान बंद असते. सोमवारचे समजू शकतो, पेठ बंद असते. गुरुवारी का? शेजारचा पानवाला म्हणाला, हुपरीला बहिणीकडे जातो. गेले वर्षभर. आठवड्यातून दोनदा बहिणीकडे कोण जातो?

२० फेब्रुवारी, सोमवार

रजा टाकली. सातवी सुई सकाळीच घेतली. फकरू बारा वाजताच्या एस.टी.ने गेला. मी पुढच्या गाडीने गेलो.

हुपरीत घराघरातून चांदी ठोकल्याचा आवाज येतो. पैंजणांचे काम. हाफिजाचे घर विचारून काढले. ही त्याची धाकटी बहीण. तिच्या लग्नात मी पंगत वाढली आहे. उंबऱ्यात बसून ती पैंजणाला घुंगरे लावत होती. मला बघून दचकली.

"आकारामभाऊ? कुणाचं काय झालं?"

"काय न्हाय. फकरू हाय?"

तिने ओठांवर बोट ठेवले. "झोपलाय. उठवू नगा."

आतल्या खोलीच्या दारात उभा राहिलो. फकरू भिंतीकडे पाय करून वाकळेवर पडला होता. तोंड उघडे. बाहेर एवढी ठोकाठोक चालली होती, तरी त्याची पापणी हलत नव्हती. एवढी झोप साधी नसते.

मी हळू विचारले, "काय घेतलंय त्यानं?"

"काय घेतलंय म्हंजे? जेवलाय."

"त्याच्याआधी?"

"त्याच्याआधी हातपाय धुतलं." ती हसायला लागली, मग माझ्या तोंडाकडे बघून थांबली. "घरात सात माणसं, दुकानात गिऱ्हाइकं. तिथं पडाय जागा न्हाय त्याला. आनी पेठंत कुणी बगितलं तर म्हणत्यात, फकरू म्हातारा झाला, दुपारचा झोपाय लागला. म्हणून हितं येतुया. दोन तास पडतुया, च्या पितुया, जातुया. तुमी कुणाला सांगू नगा. लाजंल तो."

फळीवर एक बाटली होती. "रिठ्याचं पाणी हाय. चांदी उजळायचं," ती म्हणाली. मी हलवली. फेस आला. वास घेतला. रिठा होता.

चहा नको म्हणालो. परतीच्या एस.टी.त विचार केला. झोपण्यासाठी कोणी वीस-बावीस किलोमीटर जात नाही. सुई घेतल्यावर गुंगी येत असेल, म्हणून तो तिथे पडून राहत असेल. बहीण सांभाळते. तिला तसे पढवले आहे. 'सांगू नगा' हे शब्द तिने आपण होऊन उच्चारले.

२३ फेब्रुवारी, गुरुवार

डाव्या छातीत बोंडाखाली गाठ आहे. सुपारीएवढी. सदरा घासला तरी दुखते. बायडाला रात्रीच्या जेवणाआधी दाखवली. तिने बोट लावले आणि लगेच काढून घेतले.

"बाईच्या जातीला आसतंय तसं लागतंय," ती म्हणाली. मग पदर तोंडाला लावला.

तिला म्हणालो, बॉल लागला असेल.

बाळासोला विचारायला हवे. पण त्याला विचारले तर तो म्हणेल, औषधाचा गुण. शेंगतेलाने गाठ होत नाही. झालीच तर गळू होतो, तोही सुईच्या जागी.

२६ फेब्रुवारी, रविवार

आपापसांत शेवटचा सामना. यादीआधीचा. मी पहिल्या हाफमध्ये कोणाला पुढे जाऊ दिले नाही. दुसऱ्या हाफमध्ये तो नवा सेंटर फॉरवर्ड बॉल घेऊन आला. बॉल माझ्या टप्प्यात होता. मी लाथ बॉलला मारली नाही. असे का झाले, ते सांगता येत नाही. त्याच्या नडगीचा आवाज आला. उचलून न्यावे लागले.

गणपतराव मैदानात आले. "बॉल हिकडं हुता, पाय तिकडं का गेला?"

"चुकला."

"तुझा पाय वीस वरसांत चुकल्याला मी बगितला न्हाय."

फकरू त्या पोराच्या पायाला पट्टी बांधत होता. त्याच्या बाजूने आज एकदाच बॉल आत गेला होता. तो धावला कमी. जिथे बॉल येणार तिथे आधीच उभा होता. लोक याला अनुभव म्हणतील. यादीत तोच येणार, हे गणपतरावांच्या चेहऱ्यावर दिसत होते.

सगळे गेल्यावर मी गणपतरावांना गाठले आणि फकरूचे सांगितले. हुपरी, सोमवार, गुरुवार, भर दुपारची गुंगी, बहिणीचे 'सांगू नगा'. सुईचा शब्द मी उच्चारला. डोळ्यांनी सुई पाहिली असे मी म्हणालो नाही.

"तू म्हणतुयास म्हंजे बगाय पायजे," ते म्हणाले. "दुसरा कोण म्हणला आसता तर कानफटात दिली आसती."

५ मार्च, रविवार

संध्याकाळी साडेपाचला तालमीत बोलावले. फकरू, मी, गणपतराव. पंधरा नावे लिहून झाली होती. पोरे दारात घोळका करून होती. त्यांना काय चालले आहे ते ठाऊक होते. मी गणपतरावांखेरीज कुणाला सांगितले नव्हते.

हौदातली माती नुकतीच उकरलेली होती. तेल, ताक आणि हळदीचा वास येत होता. या मातीला हात लावून खोटे बोलायचे नाही, हे आम्हाला पहिल्या दिवशी सांगतात. कोर्टात खोटे बोलणारी माणसेही इथे गप्प बसलेली मी पाहिली आहेत.

गणपतराव म्हणाले, "दोघांस्नी बी इचारणार. एकट्याला इचारलं तर त्यो चोर ठरतुया. फकरू, सुई, गोळी, कसलं काय घेतुयास का? मातीला हात लाव आनी सांग."

फकरूने माझ्याकडे पाहिले. फार वेळ नाही. मग गुडघे टेकून हात मातीवर ठेवला.

"न्हाय."

"मग हुपरीला काय करतुयास?"

फकरूचे कान लाल झाले. दारातल्या पोरांकडे पाठ करायचा त्याने प्रयत्न केला. "झोपतुया," तो म्हणाला.

"आं?"

"दुपारचा झोपतुया, गणपतराव. दोन तास. झोपलो न्हाय तर संध्याकाळी पाय उचलत न्हाईत."

पोरे फुटली. एकजण म्हणाला, "चाचा, वाकळ मैदानावर आणा की." गणपतरावही हसले, डोळे पुसले. "आरं लेका, मी तुझ्या वयाचा हुतो तवा तीन तास झोपत हुतो. गुऱ्हाळात. लाजायचं काय त्यात?"

हसणे थांबल्यावर ते माझ्याकडे वळले. "आता तू."

फकरू अजून मातीतच बसला होता. तो खाली बघत होता. मी गुडघे टेकले. मी त्या वेळी जे मनात आणले ते इथे जसेच्या तसे लिहितो. जे मी टोचून घेतो ते शेंगतेल आहे. ते मी स्वतः नाक्यावर तपासले आहे. आत औषध असल्याचे फक्त बाळासो सांगतो आणि बाळासोवर माझा विश्वास नाही. तेलाला औषध म्हणत नाहीत. मी हात ठेवला.

"न्हाय," मी म्हणालो.

माती गार होती.

हे खोटे नाही. मग उद्याची नववी सुई कशासाठी ठरवून ठेवली, हे मला लिहिता येत नाही.

गणपतरावांनी पेन्सिल जिभेला लावली. "दोघं बी सोच्छ. तर मग जागा..."

"आकारामचं लिवा," फकरू म्हणाला.

"का रं?"

"मला औंदा जमायचं न्हाय."

"आरं, मी तुझंच लिवणार हुतो."

"ठावं हाय." त्याने हाताची माती झटकली. "झोप येतीया, गणपतराव."

पोरे पुन्हा हसली. या वेळी गणपतराव हसले नाहीत. त्यांनी त्याच्याकडे बघितले, मग माझ्याकडे. मग सावकाश माझे नाव लिहिले.

त्याने माघार का घेतली? मातीला हात लावल्यावर माणूस घाबरतो. आणखी विचारतील, बाळासोसारख्या कुणाला बोलावतील, अशी भीती वाटली असावी. निर्दोष माणूस जिंकत आलेली जागा सोडत नाही.

तालमीबाहेर त्याने मला गाठले. माझ्या खांद्यावर हात ठेवणार होता, पण ठेवला नाही.

"आकाराम, छातीतली गाठ तेवढी दाखीव. मोठ्या दवाखान्यात. तसलं थांबवून चालत न्हाय."

"तुला कुणी सांगितलं?"

तो दुकानाच्या उलट्या दिशेने निघून गेला.

गाठ एकाच माणसाला दाखवली होती. घरी आलो. बायडा पीठ मळत होती. मी विचारले, फकरूला काय काय सांगितलेस? तिने हात थांबवला नाही.

"समदं," ती म्हणाली. "सुयांचं चप्पल शिवाय गेलते त्याच दिशी, गाठीचं मागनं."

"म्हंजे त्याला ठावं हुतं?"

"व्हय."

"मग तालमीत का बोलला न्हाय?"

"ते मला काय इचारताय?" ती म्हणाली. "मी कुणाला सांगू? तुमास्नी तेवढा एकच माणूस हाय."

मी हात उगारला. मारला नाही. बराच वेळ तो वर राहिला आणि मी त्याच्याकडे बघत होतो. अंगठी बोटात रुतली होती. बायडा उठली, हात धुतले, परात झाकली आणि ट्रंक ओढून लुगडी काढू लागली.

तिने घडी घालताना एकदा विचारले, "कोडोलीला पहिली गाडी कवा हाय?"

मी सांगितली नाही. तिला ठाऊक आहे.

६ मार्च, सोमवार

बायडा सहाच्या गाडीने गेली. फळ्यावर सोळावे नाव माझे आहे. फकरू आला नाही. रंकाळ्याला एकट्याने चार फेऱ्या मारल्या. दम लागला नाही.